मोटरहोमचा हायड्रॉलिक जॅक वर येत नाही तेव्हा

हरमल, मोरजी, आगोंद, पाळोळे. थंडीच्या मोसमात गोव्यातल्या या किनाऱ्यांच्या आसपास मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून असतात. काही युरोपातून रस्त्याने आलेल्या, काही आपल्याकडेच बांधून घेतलेल्या. ज्यांना हायड्रॉलिक जॅक, म्हणजे उभी गाडी समतल करणारे तेलाच्या दाबावरचे पाय आहेत, त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. आल्या दिवशी बटण दाबताच चारही जॅक खाली उतरले, गाडी समतल झाली. निघायच्या दिवशी मात्र एक-दोन जॅक वर यायला तयार नाहीत. मग पंप गेला असे समजून पंप उघडला जातो. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्या पंपाचा यात काही हात नसतो.

कारण समजायला या जॅकची रचना पाहावी लागते. १२ व्होल्टची मोटर, तिला जोडलेला छोटा पंप, तेलाची टाकी, वॉल्व्ह बसवलेला एक धातूचा ठोकळा आणि त्यातून प्रत्येक जॅकला गेलेला होज, म्हणजे तेलाची लवचीक नळी. ठोकळ्यावर प्रत्येक जॅकसाठी विजेवर उघडणारा एक वॉल्व्ह असतो. जॅक म्हणजे सिलिंडर, आत पिस्टन, खाली क्रोम चढवलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला जमिनीवर टेकणारी थाळी. जुन्या आणि मध्यम किमतीच्या गाड्यांत पंप दांडा फक्त खाली ढकलतो. वर ओढायचे काम सिलिंडरच्या दोन बाजूंना लावलेल्या दोन स्प्रिंगा करतात. वॉल्व्ह उघडतो, स्प्रिंगा दांडा ओढतात, आतले तेल टाकीत परत जाते. पंपाला तेव्हा सुट्टी.

आता आकडे बघा. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आणि पंपाचा दाब २०० बार, म्हणजे सुमारे ३००० पीएसआय धरला, तर दांडा जवळजवळ ४ टनांच्या जोराने खाली जातो. स्प्रिंगांची ओढ ४० किलो धरली तर येताना जोर त्याचा शंभरावा हिस्सा. जाताना दांड्यावरचा गंज, सुकलेले सील (दांड्याभोवतीचे तेल रोखणारे रबरी कडे), अडकलेली माती, काहीही असले तरी ४ टनांपुढे ते टिकत नाही आणि कुणाला कळतही नाही. येताना तेवढाच अडथळा ४० किलोंना पुरून उरतो. तोच ४० किलोंचा जोर तेलाला मागे रेटतो तेव्हा तेलावर दाब येतो जेमतेम २ बार. म्हणून जरा घट्ट तेल किंवा अर्धवट बुजलेला होज एवढेही अडायला पुरते.

आणखी एक. ताणलेली स्प्रिंग जसजशी आखडते तसतसा तिचा जोर कमी होतो. त्यामुळे जॅक झर्रकन अर्धा वर येऊन शेवटचे चार बोटे अंतर राहिले की थांबतो. असा थांबला तर वॉल्व्ह उघडला आहे हे नक्की, कारण अर्धा प्रवास त्याच वाटेने झाला. अडचण घर्षणाची किंवा थकलेल्या स्प्रिंगची आहे.

काही नव्या गाड्यांत दोन्ही बाजूंनी तेल ढकलणारे सिलिंडर असतात. त्यांना स्प्रिंग नसते, प्रत्येकाला दोन होज जातात. ते सहसा असे अडकत नाहीत. अडकलेच तर व्होल्टेज, तेलाची पातळी आणि वॉल्व्ह एवढेच आधी बघावे. पुढचे बरेचसे विवेचन स्प्रिंगवाल्या जॅकचे आहे.

पान्हा हातात घेण्याआधी

पहिली परीक्षा बिनखर्चाची आहे. चाकांपुढे-मागे ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा आणि जॅक वर घ्यायचे बटण दाबा. गाडीकडे बघा, जॅककडे नंतर.

गाडी खाली बसली, टायरवर पूर्ण भार आला, पण थाळी जमिनीला चिकटूनच राहिली, तर तेलाची वाट मोकळी आहे. दोष दांड्यात, सीलमध्ये, स्प्रिंगमध्ये किंवा तेलाच्या घट्टपणात आहे. उलट गाडी तो कोपरा उचलून तशीच उभी राहिली, तर तेल कोंडले आहे. गाडीचे टनभर वजन त्या तेलावर बसलेले असताना ते बाहेर पडत नाही, याचा अर्थ वॉल्व्ह उघडत नाही किंवा होज आतून बंद आहे. दांडा कितीही गंजलेला असो, एवढ्या वजनाला तो रोखू शकत नाही. निम्मा शोध इथेच संपतो, आणि गाडीखाली डोके घालायची वेळही आलेली नसते.

दुसरा प्रश्न: एकच जॅक अडतो की सगळे? सगळे मंदावले असतील तर जे सर्वांना सामाईक आहे तिथे बघायचे, म्हणजे टाकी, तेल, परतीच्या वाटेवरची जाळी, बॅटरी आणि मुख्य अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वायर). एकच अडत असेल तर त्याचा दांडा, त्याचा वॉल्व्ह, त्याचा होज. हा साधा विचार न करता सगळे तेल बदलून टाकणारे लोक आहेत. तेल ताजे होते, जॅक तिथेच राहतो.

तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. पावसात किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल खारजमिनीच्या) कडेला ओल्या मातीत गाडी उभी असेल तर थाळी चिखलात रुतते आणि चिखल तिला खालून शोषून धरतो. स्प्रिंगांचा ४० किलोंचा जोर तिथे काहीच करू शकत नाही. गाडी टायरवर बसलेली आहे याची खात्री करून थाळीभोवतीची माती बाजूने उकरा, थोडे पाणी ओता आणि लांब पहारीने थाळी एका कडेने हलवा. हवा आत शिरली की थाळी सुटते. यात जॅकचा दोष काहीच नसतो.

दांडा

गोव्यात जॅक अडकण्याचे पहिले कारण उघडा दांडाच. दांड्यावर कठीण क्रोमचा थर असतो, साधारण २० ते ५० मायक्रॉन. नुसत्या डोळ्यांना तो आरशासारखा सलग दिसतो, पण त्यात केसाहून बारीक भेगा असतातच. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. ते दांड्यावर बसते, रात्रीच्या दमट हवेत विरघळते आणि त्या भेगांतून आतल्या पोलादापर्यंत पोचते. गंज क्रोमच्या खाली धरतो, फुगतो आणि वरच्या थराला बारीक पुटकुळ्या येतात. दांडा आत जाताना या पुटकुळ्या सीलच्या ओठावर घासतात. सील कातरले जाते, तिथून वाळू आत शिरते, मग तेल गळते.

त्यात लाल माती. जांभ्याची धूळ बारीक असते आणि तिच्यात कठीण कण असतात. दांड्यावर तेलाचा ओलावा असला की ती चिकटून बसते आणि पॉलिश पेपरसारखे काम करते. म्हणूनच जॅकच्या दांड्याला ग्रीस लावायचे नाही. ट्रकच्या सवयीने पुष्कळ मेस्त्री कौतुकाने ग्रीस चोपडतात. महिनाभरात त्याचा तांबडा लेप होतो आणि जॅक आधीपेक्षा जास्त अडतो.

साफ करायची पद्धत अशी. जॅक वर असतील तर चारही चाके प्रत्येकी दोन इंच जाड लाकडी फळ्यांवर चढवून घ्या. गाडी उंच झाली की थाळी जमिनीला टेकण्याआधी दांडा तेवढा जास्त बाहेर येतो आणि पुसायला मिळतो. जॅक फक्त टेकेपर्यंत खाली आणा, गाडी उचलू नका. सगळे काम गाडीच्या बाजूला बसून करायचे.

सुरुवात गोड्या पाण्याने. इथे घाई करून थेट स्प्रे मारला जातो आणि तिथेच काम बिघडते. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. मिठावर स्प्रे मारला तर मीठ त्या थराखाली बंद होऊन राहते आणि आपले काम करत राहते. साध्या पाइपने, धार न करता, दांडा वरून खाली धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप सिलिंडरच्या तोंडाशी कधीच धरू नका. तो पाणी आणि वाळू दोन्ही सीलच्या आत ढकलतो.

मग कोरड्या सुती कपड्याने पुसा. गंज सोडवणारा पातळ स्प्रे, डब्ल्यूडी-४० किंवा तसलाच दुसरा, कपड्यावर घेऊन दांडा फिरवून फिरवून चोळा. कपडा काळा-तांबडा येईल. स्वच्छ येईपर्यंत कपडे बदला. आता नख दांड्यावरून लांबीच्या दिशेने फिरवा. नख कुठे अडकले नाही तर दांडा चांगला आहे. वरवरचे तांबूस डाग असतील तर १५०० किंवा २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर तेलात भिजवून फक्त त्या डागावर, दांड्याच्या घेराच्या दिशेने हलके फिरवा. वरून खाली घासायचे नाही. उभा ओरखडा म्हणजे तेलाला बाहेर यायला सरळ पाट. नख खड्ड्यात स्पष्ट अडकत असेल तर घासून उपयोग नाही. तो दांडा वर्कशॉपचा.

हे झाल्यावर सिलिकॉनचा कोरडा स्प्रे पातळ मारा, विशेषतः जिथे दांडा सिलिंडरमध्ये शिरतो त्या तोंडाशी. दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि जॅक चार-पाच वेळा वर-खाली करा. प्रत्येक वेळी दांड्यावर उमटणारे काळे कडे पुसून काढा, कारण ती सीलच्या ओठात साठलेली घाण बाहेर येत असते. एक-दोनदा वर-खाली करून जॅक अजून मंद वाटला तर निराश होऊ नका. सुकलेल्या सीलला सिलिकॉन मुरायला वेळ लागतो, रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा करा. पहिल्या धुण्यातच पुष्कळ जॅक सुटतात, आणि खर्च होतो एका स्प्रेच्या डब्याचा.

डब्ल्यूडी-४० साफसफाईला उत्तम, पण टिकाऊ वंगण नव्हे. ते उडून जाते, म्हणून शेवटचा हात सिलिकॉनचा.

किनाऱ्यावर मुक्काम लांबला तर? जॅक बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांतला सल्ला असा की जॅक बराच काळ खाली ठेवायचे असतील तर उघड्या दांड्यावर दर सात दिवसांनी सिलिकॉन मारावे, आणि खाऱ्या हवेत दर दोन-तीन दिवसांनी. गोव्याची किनारपट्टी या दुसऱ्या प्रकारात मोडते. शॅकच्या मागे गाडी लावून पंधरा दिवस जॅककडे न बघणे म्हणजे अडकण्याची तयारीच.

काही गाड्यांचे जॅक सरळ खाली न जाता आडवे असतात आणि उतरताना उभे होतात. त्यांच्यात दांड्याबरोबर बिजागरीचा बोल्टही गंजतो. तिथे मात्र ग्रीस निपल दिला असेल तर ग्रीस भरायचेच.

स्प्रिंग आणि वाकलेला दांडा

दांडा स्वच्छ, तरी शेवटची चार बोटे अडतातच? दोन्ही स्प्रिंगा नीट बघा. एखादे वेटोळे दुसऱ्यापेक्षा जास्त उघडे दिसते का, हूक गंजून बारीक झाला आहे का, एक बाजू तुटून लोंबते आहे का. स्प्रिंगा जोडीनेच बदलायच्या. एक नवी, एक जुनी ठेवली तर दांडा तिरका ओढला जातो.

ताणलेली स्प्रिंग पक्कडीने उपटायला जाऊ नका, डोळा जाईल. युक्ती सोपी आहे. जॅक खाली असताना स्प्रिंग ताणलेली असते आणि वेटोळ्यांत फटी असतात. प्रत्येक फटीत वॉशर सरकवा. दोन्ही स्प्रिंगांत ते भरले की जॅकचा वॉल्व्ह उघडून थाळीखालून ट्रॉली जॅकने (गॅरेजातल्या चाकांवरच्या जॅकने) दांडा हळूच वर ढकला. वॉशरमुळे स्प्रिंग आखडू शकत नाही, लांबच राहते आणि हुकातून आपोआप सैल होते. नवी बसवतानाही हेच उलटे: बाहेर ताणून, वॉशर भरून, हुकात अडकवायची, मग जॅक खाली सोडून वॉशर काढून घ्यायचे. चष्मा लावल्याशिवाय यातले काहीच करू नये.

वाकलेला दांडा ओळखायला लोखंडी पट्टी चार बाजूंनी टेकवून बघा. मधे उजेड दिसला तर तो वाकला आहे. कारणे दोनच. जॅक खाली असताना गाडी हलवली, किंवा उतारावर चाके अधांतरी करून गाडी जॅकवर उभी केली आणि ती एका बाजूला सरकली. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांना लागतो. मागची चाके उचलली की ब्रेक हवेत, आणि सगळा भार पातळ दांड्यांवर आडवा येतो. चाके जमिनीवर टेकलेलीच ठेवायची, जास्त उतार असेल तर आधी फळ्यांवर चढून मग जॅक लावायचे.

थाळीखाली काय घालायचे यावरही थोडे. जवळ पडलेला जांभ्याचा चिरा उचलून ठेवायचा मोह होतो. भिंतीत सगळीकडून सारखा दाब असतो तिथे चिरा वर्षानुवर्षे टिकतो, पण एका कोपऱ्यावर भार पडला की तो चुरतो, थाळी तिरकी होते आणि दांड्यावर आडवा जोर येतो. लाकडी फळ्या बऱ्या. दीड फूट बाय दीड फुटाची, दोन थरांची, एकावर एक आडव्या-उभ्या खिळलेली. २० सेंटिमीटर व्यासाच्या थाळीवर २ टन भार आला तर वाळूवर चौरस सेंटिमीटरला ६ किलोंहून जास्त दाब पडतो. फळी घातली की तोच दाब १ किलोवर येतो, आणि थाळी रुतत नाही.

गाडी खाली बसतच नाही तेव्हा

इथून पुढे दोष वॉल्व्हचा किंवा होजचा. पहिले विजेचे बघा. जॅक वर घ्यायचे बटण दाबून धरा आणि त्या वॉल्व्हच्या कॉइलवर (वीज मिळताच चुंबक होऊन वॉल्व्ह उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर) स्क्रू ड्रायव्हरचे टोक धरा. चुंबकाची ओढ जाणवली तर वीज पोचते आहे. नाही जाणवली तर मल्टिमीटर लावा. कॉइलच्या प्लगवर ११ व्होल्टपेक्षा कमी मिळत असेल तर वायर किंवा अर्थ खराब आहे. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि वॉल्व्हच्या ठोकळ्याची अर्थ यांत मीटरवर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थ गंजली. किनाऱ्यावरच्या गाड्यांत प्लग उघडला की आत हिरवा थर दिसणे नित्याचे. तो घासून काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस (विजेच्या जोडांना ओलीपासून जपणारे) लावा. ग्रीसची इथे मात्र गरज आहे.

वीज पोचते आणि ओढ नाही, तर प्लग काढून कॉइलचा रोध मोजा. १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ५ ते १० ओम दिसावेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली, शून्याजवळ असेल तर आतून शॉर्ट. शंका असेल तर शेजारच्या चांगल्या जॅकची कॉइल इकडे आणि इकडची तिकडे लावा. दोष कॉइलबरोबर तिकडे गेला तर उत्तर मिळाले. कॉइलचा नट हाताने बसवून पान्ह्याने थोडाच आवळायचा. जोर लावला तर आतली पातळ नळी दबते आणि चांगला वॉल्व्ह अडकायला लागतो.

कॉइल चांगली, तरी वॉल्व्ह उघडत नाही? आत कचरा आहे. बहुतेक वॉल्व्हना हाताने उघडायचा स्क्रू किंवा नट असतो. तो सैल करण्याआधी त्या कोपऱ्याखाली, चासीच्या मजबूत भागाला, गाडीच्या वजनाला पेलणारे जॅक स्टँड लावा. गाडी एकदम खाली बसू शकते. मग पाव-पाव फेरा सैल करा आणि फेरे मोजून ठेवा, म्हणजे परत तेवढेच आवळता येतील. हाताने उघडल्यावर गाडी बसली तर वॉल्व्हची सुई अडकली होती. भार पूर्ण उतरल्यावर वॉल्व्ह काढून त्याची बारीक जाळी स्वच्छ तेलात धुवा, ओ-रिंगा (गोल रबरी कड्या) बदला, परत बसवा.

हाताने वॉल्व्ह उघडूनही गाडी तशीच उभी? मग होज. जुन्या होजचे आतले अस्तर सुटते आणि त्याची पाकळी एकाच दिशेला उघडणारी झडप बनते. तेल जाते, परत येत नाही. बाहेरून होज ठणठणीत दिसतो, म्हणून हा दोष सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण होज सोडणे हे घरी करायचे काम नाही. त्या तेलावर गाडीचे वजन अडकलेले आहे. गाडीला भक्कम आधार देऊन, जॅकवरचा भार संपूर्ण काढल्यावरच नट सैल करायचा, आणि तो वर्कशॉपमध्ये.

हायड्रॉलिकच्या दाबाबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच सांगायला हवी. होजला सुईएवढे छिद्र पडले असेल तर तिथून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. तेल कातडीत शिरले तर सुरुवातीला टाचणी टोचल्याएवढे दिसते आणि फारसे दुखतही नाही. तरी लगेच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जावे आणि दाबाखालचे हायड्रॉलिक तेल आत गेल्याचे स्पष्ट सांगावे. यात तासांनी फरक पडतो.

तेल

परदेशी पुस्तिकांत जॅक मंदावण्याचे एक कारण थंडीने घट्ट झालेले तेल असे दिलेले असते. गोव्यात ते विसरा. इथे तेल घट्ट निघाले तर कुणीतरी चुकीचे भरले आहे. पुष्कळ जॅकना ऑटोमॅटिक गिअरचे तेल, म्हणजे डेक्स्रॉन ३ प्रकारचे लाल एटीएफ लागते. काही कंपन्यांचे स्वतःचे हायड्रॉलिक तेल असते. नेमके कोणते ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. टिपर आणि जेसीबीसाठी गॅरेजात ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल कायम असते आणि तेच सहज ओतले जाते. एटीएफचा घट्टपणा ४० अंशांना ३५ सेंटिस्टोकच्या आसपास, ६८ चा जवळजवळ दुप्पट. ४ टनांच्या जोराला याचे काही वाटत नाही. २ बारला वाटते. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, या सीलना ते फुगवते आणि मग सगळेच सील बदलावे लागतात.

पातळी चारही जॅक पूर्ण वर असतानाच बघायची, आणि तेल झाकणाच्या तोंडापासून साधारण अर्धा इंच खाली हवे. जॅक खाली असताना टाकी भरली की वर येताना परतणारे तेल तोंडातून बाहेर सांडते.

तेल लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. गुलाबी, दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून दमट हवा आत-बाहेर करते, रात्री तिचे पाणी होते. संशय असेल तर जाड लोखंडी पट्टी चांगली तापवून तिच्यावर तेलाचा एकच थेंब टाका, चष्मा लावून आणि जरा लांबून. तडतडले तर पाणी. असे तेल पूर्ण काढायचे, टाकी पुसायची, जाळी धुवायची, नवे भरायचे. त्यानंतर चारही जॅक तीन ते पाच वेळा पूर्ण खाली-वर करा. बहुतेक यंत्रणांत हवा अशी आपोआप टाकीत परत येते. मधे मधे पातळी बघत राहा. तेल दर दोन वर्षांनी बदलायचा सल्ला काही कंपन्या देतात. इथल्या दमट हवेत त्याहून उशीर नको.

निघायचेच आहे आणि जॅक खाली आहे

जॅक खाली असताना गाडी एक फूटही पुढे घेऊ नका. चाकांना ठोकळे, गाडी पूर्ण टायरवर, आणि मग त्या जॅकचा वॉल्व्ह हाताने उघडा. थाळीखाली बाजूने ट्रॉली जॅक सरकवून दांडा हळूहळू वर ढकला. ट्रॉली जॅक नसेल तर लाकडी ठोकळ्यावर पहार टेकवून तिच्या टोकाने उचला. स्वतः मात्र गाडीच्या बाहेर. दांडा वर गेला की वॉल्व्ह बंद करा आणि थाळी चासीला साखळीने किंवा रॅचेट पट्ट्याने बांधा. सुतळी, नायलॉनची दोरी नको, वाटेत घासून तुटते. गावागावांतले गतिरोधक आणि चोर्ला किंवा अनमोड घाटातली वळणे लक्षात घेता, बांधलेल्या जॅकवर घाट चढायचा धोका न पत्करता आधी जवळचे गॅरेज गाठलेले बरे.

जॅक वर असूनही डॅशबोर्डवरचा, जॅक खाली असल्याचे सांगणारा लाल दिवा विझत नाही, हे वेगळे दुखणे. बहुतेक वेळा जॅक वर आल्याचे त्या दिव्याला कळवणारा स्विच गंजलेला असतो. तरी दिव्यावर अविश्वास दाखवण्याआधी चारही जॅक एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

वर्कशॉपमध्ये काय सांगायचे

मोटरहोमचे जॅक दुरुस्त करणारे गॅरेज म्हणून शोधत बसू नका. गोव्यात खाणींच्या टिपरमुळे हायड्रॉलिक सिलिंडरचे जाणकार कुडचडे, सावर्डे, उसगाव, डिचोली या पट्ट्यात सापडतात, आणि वेर्णे, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपासही. टिपरचा सिलिंडर आणि हा जॅक यांची तत्त्वे एकच. तो माणूस कुठल्याही सिलिंडरची सील मापावरून जुळवतो. त्याला दांड्याचा व्यास, सिलिंडरचा आतला व्यास आणि सीलची उंची व्हर्नियरने मोजून द्या, किंवा जुने सीलच न्या. सेटमध्ये धूळ पुसणारे बाहेरचे वायपर, तेल रोखणारे दांड्याचे सील, ओ-रिंग आणि दांड्याला सरळ धरणारी गाइड रिंग असते. नुसते आतले सील बदलून जुने वायपर तसेच ठेवायची काटकसर करू नका. बाहेरच्या वाळूला अडवतो तो वायपरच.

खड्डे पडलेला दांडा पुन्हा क्रोम करता येतो. जुना थर काढतात, दांडा घासून खड्डे घालवतात, नवा थर चढवून मूळ मापावर आणतात. नवे माप मूळ मापापेक्षा किंचितही जाड राहिले तर जॅक आणखी घट्ट बसेल, म्हणून परत घेताना व्यास वर, मधे आणि खाली असा तीन ठिकाणी मोजून घ्या. वाकलेला दांडा दाबून सरळ करून देतो असे कुणी म्हणाले तर नको म्हणा. क्रोमला त्याच जागी भेगा जातात.

जूनच्या आधी

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात मोटरहोम उभी ठेवायची तर जॅक वर घेऊनच. दांडा आत असला की तो झाकलेला आणि सुरक्षित असतो. गाडी समतल राहावी म्हणून चार महिने जॅकवर ठेवली, तर ऑक्टोबरात वर यायला नकार देणारा तोच दांडा असतो. वर घेण्याआधी गोड्या पाण्याने धुवा, कोरडा करा, सिलिकॉन मारा. थाळीच्या वरच्या बाजूला माती अडकून राहते, ती खरवडून काढा. आत गेल्यावरही तोंडाशी उरलेला बोटभर दांडा पुसून घ्या. टाकीच्या झाकणावर पावसाचे थेट पाणी पडत नाही ना ते बघा. बॅटरी चार्ज ठेवा आणि महिन्यातून एकदा, उघडीप बघून, इंजिन चालू करून चारही जॅक टेकेपर्यंत खाली घ्या आणि परत वर. सीलचे ओठ ओले राहतात, आणि एखादा जॅक रेंगाळायला लागला असेल तर तो अंगणातच कळतो.